उदरावरणाचा कर्करोग : निःशेष शस्त्रकर्म आणि उष्ण केमोथेरपी

उदररोगाचा विचार आपल्या आचार्यांनी जितक्या बारकाईने केला आहे, तितका फार थोड्या व्याधींचा केला आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तेरावा अध्याय, तसेच सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील सातवा व चिकित्सास्थानातील चौदावा अध्याय उदराला वाहिलेले आहेत. आठ प्रकार, अजातोदक, पिच्छा व जातोदक अशा अवस्था, जलस्रावण, उदरपाटन आणि त्यानंतरचा दीर्घ आहारक्रम असा हा विस्तृत पट आहे. नित्याच्या व्यवसायात मात्र पोटात पाणी झालेला रुग्ण समोर आला की पुनर्नवा, आरोग्यवर्धिनी, नित्यविरेचन आणि दुग्धाहार यांकडे हात आधी वळतो. ‘हे पाणी कोठून आले?’ हा प्रश्न त्याआधी विचारला जाणे आवश्यक आहे.

गेल्या काही वर्षांत वसई-विरार परिसरातील रुग्णांच्या नातेवाइकांच्या तोंडी ‘हायपेक’ हा एक नवा शब्द येऊ लागला आहे. ‘पोट उघडून आत गरम केमो सोडतात म्हणे, ते करून घ्यावे का?’ असा प्रश्न ते मुंबईच्या रुग्णालयातून परतल्यावर आपल्याकडे येऊन विचारतात, कारण कुटुंबाचा वैद्य म्हणून त्यांचा आपल्यावर विश्वास असतो. या विश्वासाला पात्र ठरायचे असेल तर ही चिकित्सा कशी करतात, कोणाला उपयोगी पडते व कोणाला पडत नाही, हे आपणांस ठाऊक असले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे. ‘रसायन’ या शब्दाला आपल्या शास्त्रात वेगळा व उदात्त अर्थ असल्याने घोटाळा टाळण्यासाठी येथे ‘केमोथेरपी’ हाच रूढ शब्द वापरला आहे.

उदरावरण आणि त्यातील अर्बुदाचा प्रसार

उदरपोकळीला आतून अस्तरासारखे लागलेले व आतड्यांसह बहुतेक अवयवांना वेढणारे पातळ पटल म्हणजे उदरावरण, अर्थात पेरिटोनियम. सर्व घड्या उलगडल्या तर त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ त्वचेइतके भरते. या पटलावर अल्प द्रव सतत फिरत असतो. बीजकोश, अपेंडिक्स, मोठे आतडे किंवा आमाशय यांतील कर्करोग अवयवाच्या भिंतीबाहेर आला की त्याच्या पेशी या द्रवात सुटतात आणि जेथे द्रव साचतो वा शोषला जातो तेथे, म्हणजे कटिरात, मध्यपटलाच्या खालच्या पृष्ठावर व ओमेंटमवर रुजतात. मेसोथेलिओमासारखा क्वचित आढळणारा कर्करोग तर मूळ उदरावरणातच उद्भवतो.

अपेंडिक्सच्या श्लेष्मल अर्बुदातून होणारा ‘स्यूडोमिक्झोमा पेरिटोनाय’ हा प्रकार आपल्या वाचकांना विशेष विचारप्रवृत्त करील. यात पोटात पाण्याऐवजी चिकट, जेलीसारखा स्राव वर्षानुवर्षे साठत जातो. चरकाचार्यांनी जातोदकाच्या आधीची जी पिच्छावस्था सांगितली आहे, ज्यात उदर गोल, जड व ताडन केले असता ध्वनी न देणारे होते, तिची येथे आठवण होते. दोन्ही एकच आहेत असे म्हणण्यास आधार नाही. तथापि सुई टोचूनही पाणी न येणारे जड उदर दिसले तर हा व्याधी मनात आणावा, एवढा बोध त्यातून घेता येतो.

शिरेतून दिलेली केमोथेरपी उदरावरणावरील गाठींपर्यंत अपुरी पोहोचते. त्यामुळे ‘उदरावरणावर पसरला’ म्हणजे अखेरची अवस्था, आता पाणी काढणे व वेदनाशमन एवढेच शक्य, अशी शल्यचिकित्सकांचीही दीर्घकाळ धारणा होती.

चिकित्सेचा पहिला भाग : शस्त्रकर्म

ही धारणा बदलण्यास अमेरिकेत आरंभ झाला. केंटकी राज्यातील लुईव्हिल येथील जॉन स्प्रॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्यूडोमिक्झोमाच्या एका रुग्णाच्या उदरपोकळीत शस्त्रकर्मानंतर तापवलेले औषधी द्रावण फिरवले आणि तो वृत्तान्त १९८० मध्ये प्रसिद्ध केला. पुढे वॉशिंग्टनचे शल्यचिकित्सक पॉल शुगरबेकर यांनी रोगग्रस्त उदरावरण भागाभागाने सोलून काढण्याची पद्धत बसवली व १९९५ मध्ये ती शब्दबद्ध केली.

या शस्त्रकर्मात मध्यपटलाखालचे, पार्श्वभागांचे व कटिरातील उदरावरण सोलून काढतात. ओमेंटम, आणि रोग पोहोचला असेल त्याप्रमाणे प्लीहा, पित्ताशय, गर्भाशय, बीजकोश व आतड्याचे भागही काढावे लागतात. आठ-दहा तास वा त्याहूनही अधिक काळ हे शस्त्रकर्म चालते.

रोग किती पसरला आहे हे मोजण्यासाठी उदराचे १३ विभाग कल्पिलेले आहेत. प्रत्येक विभागाला गाठींच्या आकारानुसार ० ते ३ गुण देतात, म्हणजे एकूण गुणांक ० ते ३९ असा येतो. शस्त्रकर्म संपल्यावर काय शिल्लक राहिले याचीही श्रेणी लावतात. डोळ्यांना दिसणारे काहीच उरले नाही तर शून्य, अडीच मिलिमीटरहून लहान कण उरले तर एक, अडीच सेंटिमीटरपर्यंत उरले तर दोन आणि त्याहून मोठे उरले तर तीन. रुग्णाचे पुढील आयुष्य बव्हंशी या श्रेणीवर अवलंबून असते.

सुश्रुताचार्यांनी अर्बुदचिकित्सेत हेच तत्त्व सांगून ठेवले आहे. अर्बुदाचा अंश मागे राहिला तर तो शीघ्र पुन्हा वाढतो आणि उरलेल्या अग्नीप्रमाणे घात करतो, यास्तव ते निःशेष काढावे, असा त्यांचा आदेश आहे. उदरावरणाच्या बाबतीत तो पाळण्याचे साधन मानवाला विसाव्या शतकाच्या अखेरीस लाभले.

चिकित्सेचा दुसरा भाग : उष्ण केमोथेरपी

दिसणारा रोग काढला तरी न दिसणाऱ्या पेशी उरतात. त्यांच्यासाठी त्याच भूलेत, रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतानाच, उदरपोकळीत नळ्या बसवून पंप व तापक यंत्राच्या साह्याने औषधी द्रावण खेळवले जाते. द्रावणाचे तापमान ४१ ते ४३ अंश सेल्सियस राखतात आणि औषधानुसार ते ३० ते ९० मिनिटे फिरवतात. मायटोमायसिन, सिस्प्लॅटिन व ऑक्झालिप्लॅटिन ही त्यातील प्रमुख औषधे होत. या काळात भूलतज्ज्ञ रुग्णाचे शरीरतापमान, मूत्रप्रमाण व रक्तदाब यांवर सतत लक्ष ठेवतात.

यामागील युक्ती अशी की उदरावरण व रक्त यांच्यामध्ये एक नैसर्गिक अडसर असतो. पोकळीत सोडलेले औषध रक्तात हळूहळू उतरते, त्यामुळे शिरेतून सोसणार नाही इतकी तीव्र मात्रा स्थानिक पातळीवर देता येते. उष्णतेने या औषधांची कर्करोगपेशींवरील मारकता वाढते. तापमान याहून वाढवले तर आतड्याला इजा होते, म्हणून मर्यादा काटेकोरपणे पाळावी लागते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. हे औषध ऊतीत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर शिरते. मागे मोठी गाठ राहिली असेल तर उष्ण केमोथेरपी तिला निकामी करू शकत नाही. शस्त्रकर्म अपुरे ठेवून केवळ ‘गरम केमो’ देण्यास म्हणूनच अर्थ नाही. त्याचप्रमाणे यातील उष्णतेला अग्निकर्म म्हणणेही उचित नव्हे. अग्निकर्मात दहन अभिप्रेत आहे, तर येथील तापमान तीव्र ज्वराच्या आसपासचे आहे. आपल्या शास्त्राची थोरवी अशा ओढून आणलेल्या साम्यावर अवलंबून नाही.

फलश्रुती : कोठे लाभ, कोठे संशय

पुढील आकड्यांत ‘मध्यक आयुर्मान’ म्हणजे ज्या कालावधीनंतर निम्मे रुग्ण हयात होते तो कालावधी, असे समजावे.

सर्वांत आशादायक चित्र अपेंडिक्सजन्य स्यूडोमिक्झोमाचे आहे. १६ विशेष केंद्रांतील २,२९८ रुग्णांचा एकत्रित अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मध्यक आयुर्मान १९६ महिने, म्हणजे सोळा वर्षांहून अधिक होते आणि दहा वर्षांनंतर ६३ टक्के रुग्ण हयात होते. उपचाराशी निगडित मृत्यू २ टक्के आणि गंभीर उपद्रव २४ टक्के रुग्णांत आढळले. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता हे खरे, तरीही या व्याधीत हा उपचार आता सर्वमान्य आहे.

बीजकोशाच्या कर्करोगात नेदरलँड्समधील संशोधकांच्या पुढाकाराने झालेला २४५ स्त्रियांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसऱ्या अवस्थेतील या स्त्रियांना आधी केमोथेरपीच्या तीन फेऱ्या देऊन मग शस्त्रकर्म केले. ज्यांना शस्त्रकर्मासोबत उष्ण सिस्प्लॅटिन दिले त्यांचे मध्यक आयुर्मान ४५.७ महिने, तर केवळ शस्त्रकर्म झालेल्यांचे ३३.९ महिने होते. दीर्घ पाठपुराव्यातही हा फरक टिकला. कोरियातील १८४ स्त्रियांच्या २०२२ मधील अभ्यासात मात्र सर्वांचा एकत्रित विचार करता लाभ दिसला नाही. आधी केमोथेरपी घेऊन मग शस्त्रकर्म झालेल्या गटात तो दिसला.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची कथा अधिक बोधप्रद आहे. २००३ मध्ये नेदरलँड्समधील १०५ रुग्णांच्या अभ्यासात शस्त्रकर्म व उष्ण केमोथेरपी या जोडीने मध्यक आयुर्मान १२.६ महिन्यांवरून २२.३ महिन्यांवर गेले आणि या पद्धतीचा जगभर बोलबाला झाला. परंतु यात श्रेय शस्त्राचे किती व उष्ण औषधाचे किती, हे कळण्यास मार्ग नव्हता. फ्रान्समधील १७ केंद्रांनी तो प्रश्न धसास लावला. २६५ रुग्णांचे त्यांनी निःशेष शस्त्रकर्म केले आणि त्यांपैकी निम्म्यांनाच उष्ण ऑक्झालिप्लॅटिन दिले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दोन्ही गटांचे मध्यक आयुर्मान जवळपास सारखेच, ४१.७ व ४१.२ महिने, निघाले. उष्ण औषध दिलेल्या गटात उशिराने होणारे गंभीर उपद्रव मात्र अधिक होते. मोठ्या आतड्याच्या बाबतीत निदान या औषधाने व या पद्धतीने तरी लाभाचा मोठा वाटा शस्त्रकर्माचाच ठरला. आमाशयाच्या कर्करोगात प्रसार अगदी मर्यादित असलेल्या मोजक्याच रुग्णांत हा विचार होतो.

याचा व्यावहारिक अर्थ असा की ‘हायपेक करावे का?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. मूळ कर्करोग कोणता, गुणांक किती, निःशेष शस्त्रकर्म शक्य आहे का आणि रुग्णाचे बल किती, या चार गोष्टींवरून निर्णय ठरतो. व्याधिबल व रुग्णबल पाहूनच उपक्रम योजावा, हे आपल्याला नव्याने शिकावे लागत नाही.

वसई-विरारमधील वैद्याचे काम

हे शस्त्रकर्म आपल्या हातचे नाही, पण गुणांक कमी असताना रुग्ण शल्यचिकित्सकापर्यंत पोहोचावा, हे पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. अर्नाळा-आगाशीपासून नालासोपारा, नायगावपर्यंतच्या आपल्या भागात पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, मलावरोध, वारंवार लघवी अशा तक्रारींसाठी रुग्ण प्रथम औषधाच्या दुकानात किंवा आपल्याकडे येतो. पहाटेची लोकल पकडणाऱ्या गृहिणीला ‘गॅस’ हे कारण सहज पटते. बीजकोशाचा कर्करोग याच वेषात येतो आणि बहुसंख्य स्त्रियांत तो उदरावरणावर पसरल्यावरच उघडकीस येतो.

यास्तव चाळिशी उलटलेल्या स्त्रीला अशा तक्रारी नव्याने सुरू झाल्या असतील व दोन-तीन आठवड्यांत शमल्या नसतील, तर उदर व कटिराची सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी करून घ्यावी. पोटात पाणी आढळले तर ते तपासणीला पाठवल्याविना केवळ मूत्रल वा विरेचक योजना चालू ठेवू नये. रक्तातील व उदरजलातील अल्ब्युमिन यांचा फरक १.१ ग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक असल्यास यकृतविकार वा हृद्विकार संभवतो. तो त्याहून कमी असल्यास उदरावरणाचाच व्याधी, म्हणजे प्रामुख्याने क्षय किंवा कर्करोग, शोधावा लागतो.

आपल्याकडे उदराचा क्षय दुर्मीळ नाही आणि तो या कर्करोगाची हुबेहूब नक्कल करतो. सीए-१२५ दोन्हींत वाढते, सीटी स्कॅनमध्येही दोन्ही सारखे दिसू शकतात. म्हणून उदरजलातील पेशींची व एडीएची तपासणी आणि शेवटी दुर्बिणीतून घेतलेला तुकडा यांवरच निदान निश्चित करावे. अंदाजाने सुरू केलेली क्षयाची औषधे कर्करोग्याचे अमूल्य महिने घालवतात. क्षयाच्या रुग्णाला कर्करोग सांगणे हेही तितकेच घातक होय.

आणखी दोन गोष्टी आवर्जून नमूद कराव्याशा वाटतात. अपेंडिक्स काढल्यानंतरचा पॅथॉलॉजीचा अहवाल अनेक घरांत न वाचता कपाटात पडतो. त्यात श्लेष्मल अर्बुदाचा उल्लेख असेल तर पोट दुखत नसले तरी रुग्णास कर्करोगतज्ज्ञाकडे धाडावे. दुसरे असे की उदरावरणाच्या कर्करोगात पहिले शस्त्रकर्मच महत्त्वाचे असते. स्थानिक पातळीवर पोट उघडून जमेल तेवढे काढले तर व्रणाच्या थरांत पेशी रुजतात आणि पुढचे निःशेष शस्त्रकर्म अवघड होते. संशय असेल तर आधीच परळची वाट दाखवावी. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले व १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत असलेले टाटा मेमोरियल रुग्णालय विरारच्या जलद लोकलने दादरला उतरल्यावर फार दूर नाही, आणि तेथे हे शस्त्रकर्म व उष्ण केमोथेरपी हे दोन्ही उपचार होतात. खासगी रुग्णालयात हा खर्च काही लाखांच्या घरात जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्यातील काय बसते, हे आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घेण्यास कुटुंबाला सांगावे.

शस्त्रकर्माच्या आधी व नंतर : वैद्य व औषधविक्रेत्यांसाठी

रुग्ण आपली औषधे घेत असेल तर त्यांची संपूर्ण यादी शल्यचिकित्सकाला लेखी द्यावी. गुग्गुळकल्प, लसूण व हरिद्रेचे तीव्र अर्क यांचा रक्तस्रावाशी संबंध येऊ शकतो. शस्त्रकर्मापूर्वी ती केव्हा थांबवायची हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे. पिप्पली व मरिचातील पायपेरिन यकृतातील औषधपाचक विकरांना अडवते व इतर औषधांची रक्तातील पातळी वाढवते. त्रिकटूसारखा नित्याचा योगही म्हणूनच केमोथेरपीच्या काळात आपल्या मनाने देऊ नये. सिस्प्लॅटिनचा भार वृक्कांवर पडतो, त्या काळात पारद वा मल्ल असलेले रसकल्प टाळावेत.

शस्त्रकर्मानंतर अग्नी अत्यंत मंद असतो, आतड्याचे सांधे ताजे असतात आणि काहींच्या पोटावर मलविसर्जनासाठी पिशवी असते. अशा रुग्णास विरेचन वा बस्ती सर्वथा वर्ज्य. मलावरोधासाठी दुकानातून दिलेली चूर्णाची पुडीही अनर्थ करू शकते. लहान आतड्याची पिशवी असलेल्या रुग्णाच्या शरीरातील जल व क्षार झपाट्याने कमी होतात, त्याला भोवळ, मूत्राल्पता जाणवल्यास त्वरित रुग्णालयात पाठवावे. प्लीहा काढली असेल तर न्युमोकोकस, मेनिंगोकोकस इत्यादींच्या लशी दिल्या आहेत का हे पाहावे आणि ताप आल्यास तो किरकोळ समजू नये. संसर्जनक्रमाची आपली दृष्टी मात्र येथे खरोखर कामी येते. शल्यचिकित्सक व आहारतज्ज्ञ यांच्या संमतीने थोडे, वारंवार, पेया-विलेपीपासून मुगाच्या मऊ खिचडीपर्यंत चढत जाणारे अन्न रुग्ण आनंदाने स्वीकारतो. भूक, झोप, मनोबल आणि घरच्यांचा धीर सांभाळण्यात वैद्याला पुष्कळ करता येते.

औषधविक्रेत्या बंधूंनी एवढे ध्यानी ठेवावे की १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्यान्वये कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातीस बंदी आहे. ‘पोटातील गाठ बिनशस्त्रक्रिया विरघळते’ अशी पाटी लावणे कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय तिच्यावर विसंबलेल्या रुग्णाचा गुणांक त्या महिन्यांत वाढत राहतो.

उदराच्या अत्यवस्थ रुग्णावर जोखमीचा उपाय योजण्यापूर्वी वैद्याने आप्तस्वकीयांना एकत्र बोलावून, उपाय न केल्यास मृत्यू निश्चित आहे व केल्यास यश संशयित आहे हे स्पष्ट सांगून त्यांची अनुमती घ्यावी, असे चरकाचार्यांनी सांगितले आहे. शस्त्रकर्माचा अधिकारही त्यांनी ते कर्म प्रत्यक्ष पाहिलेल्या शल्यविदांकडे सोपवला. आपल्या दवाखान्यात विचारणा करायला आलेल्या कुटुंबाला आपणही तेवढेच स्पष्ट सांगावे आणि पुढील भेटीत शल्यचिकित्सकाला विचारायचे प्रश्न कागदावर लिहून द्यावेत : मूळ कर्करोग कोणता आहे? गुणांक किती आहे? सर्व रोग काढता येईल अशी शक्यता किती? या केंद्रात वर्षाला अशी किती शस्त्रकर्मे होतात? त्या उत्तरांवरून ‘गरम केमो’ करून घ्यावे की नाही याचा निर्णय कुटुंबाला घेता येईल.